घटक जुने आहेत, एवढ्यावरून शोध उघड ठरत नाही

“प्लास्टिक लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात घालायची सगळी स्टॅबिलायझर आधीच माहीत आहेत, त्यामुळे त्यांच्या कोणत्याही मिश्रणाचे पेटंट टिकत नाही, 2007 च्या अमेरिकी निकालाने हा विषय मिटला आहे, तेव्हा आपले निष्कर्ष खुशाल जाहीर करा,” असा एक संदेश सध्या फिरतो आहे. पाण्याच्या पाइपांवर काम करणाऱ्या माझ्या भाचीने तो वाचून पेटंट अर्जाचा विचारच सोडला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

आधी तो निकाल. केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स हा खटला मोटारीच्या पेडलचा होता आणि त्यातील वादग्रस्त दावा ‘उघड’, म्हणजे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखा, ठरून रद्द झाला. संदेशाने तेवढेच उचलले आहे. सर्व घटक सुटेसुटे माहीत होते एवढे दाखवून शोध उघड ठरत नाही, ते तसेच एकत्र आणण्यास जाणकाराकडे काही कारण होते का हे पाहावे लागते, असे त्याच निकालपत्रात स्पष्ट लिहिले आहे. शिवाय परिणामाचा अंदाज बांधणे पेडलच्या बाबतीत सोपे असते, रसायनांच्या बाबतीत नाही.

पाण्याशी संबंध आला की हा अंदाज किती फसतो, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. गरम हवेच्या ओव्हनमध्ये पॉलिथिलीनला उत्तम टिकवणारा फेनॉल गटातला अँटिऑक्सिडंट (ऑक्सिजनमुळे होणारी झीज रोखणारा स्टॅबिलायझर) पाइपात मात्र दुहेरी माऱ्यात सापडतो: तो हळूहळू पाण्यात उतरतो, आणि निर्जंतुकीकरणासाठी घातलेले क्लोरीन किंवा क्लोरीन डायऑक्साइड त्याला खाऊन टाकते. पाइपाचा आतला पृष्ठभाग आधी निराधार होतो, ठिसूळ बनतो, तिथे बारीक भेगा पडतात, आणि भिंतीच्या मधल्या थरात स्टॅबिलायझर शिल्लक असतानाही त्या भेगा बाहेरच्या दिशेने वाढत जातात. स्टॅबिलायझर म्हणून वापरली जाणारी फॉस्फाइट गटातली काही संयुगे तर ओलाव्याने स्वतःच फुटून आम्लधर्मी पदार्थ तयार करतात. अशा परिस्थितीत एखाद्या जोडीने दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त काळ पाइप टिकवला, तर हे आधीच दिसत होते म्हणणाऱ्याने ते कोणत्या जुन्या लेखात दिसत होते हे दाखवले पाहिजे.

एक गोष्ट मान्य करावी लागते. एकाच कामासाठी माहीत असलेली दोन स्टॅबिलायझर एकत्र केली आणि परिणाम निव्वळ बेरजेचाच आला, किंवा फक्त प्रमाण थोडे बदलले, तर पेटंट मिळणे कठीण असते, आणि ते योग्यच आहे. एका संयुगाच्या चाचणीवर अख्ख्या गटाचा दावा सांगणारे अर्जही अडकू शकतात.

पेटंट अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाने एकदा ‘उघड’ असा शेरा मारला की सगळे संपले, हेही चूक आहे; सर्वांत जवळच्या जुन्या मिश्रणाशी, त्याच पाण्यात आणि त्याच तापमानाला केलेल्या तुलनेचे आकडे देऊन त्या शेऱ्याला उत्तर देता येते.

सर्वांत घातक आहे तो “खुशाल जाहीर करा” हा सल्ला. अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यानंतर अर्जासाठी एक वर्षाची मुदत मिळते, पण युरोपीय पेटंट कार्यालयात तशी सर्वसाधारण सवलत नाही: अर्जाआधी संशोधकाने स्वतः छापलेला तक्ताही त्याच्याच विरुद्ध पुरावा ठरतो, शोध नवा मानला जात नाही, आणि मग उघडपणाचा वाद घालण्याची वेळच येत नाही.