दिव्यांगस्नेही रिसॉर्ट असं उभारा

नाशिकचा सिंहस्थ तोंडावर आला, गंगेवर म्हणजे आपल्या गोदावरीवर पाय ठेवायला जागा उरणार नाही, आणि तुमच्या रिसॉर्टच्या जाहिरातीत अजून ती निळी व्हीलचेअर नाही? शोभतं का हे? चित्र डाउनलोड करायला पैसे पडत नाहीत. परवा एका ठिकाणी फोनवर विचारलं, 'व्हीलचेअरची सोय आहे का?' उत्तर आलं, 'आहे ना सर, सगळी आहे.' तिथे गेल्यावर कळलं, सोय म्हणजे एक वेटर, एक माळी आणि किचनमधली दोन पोरं. ही कला एकट्या त्या मालकाकडे राहू नये, म्हणून हा लेख.

आधी उचलण्याचं. पोरांना सांगा, खुर्ची हातांना धरूनच उचला. बऱ्याच व्हीलचेअरचे हात आणि पाय ठेवायच्या पट्ट्या काढता येण्याजोग्या असतात. तिसऱ्या पायरीवर खुर्चीचा हात पोराच्या हातात आणि पाहुणा... असो. फ्रेमला धरायचं असतं, हे बोलू नका. बॅटरीची खुर्ची तर माणूस न धरताच पन्नास किलोच्या पुढे जाऊ शकते. तेव्हा म्हणायचं, 'मॅडम, ती गाडीतच राहू द्या, आपली प्लास्टिकची आहे ना.'

रॅम्प. तीन पायऱ्या, उंची दीड फूट. नियमात १:१२ उतार आहे, म्हणजे लांबी अठरा फूट. अठरा! तेवढ्यात एक इनोव्हा आरामात उभी राहते. तुम्ही पाच फुटांत उरका. वर लॉबीतली उरलेली गुळगुळीत टाइल लावा, पावसात खुलून दिसते. (कोबा ओला असताना खराट्याने आडव्या रेघा ओढल्या तरी चाक घसरत नाही, पण त्याला 'लुक' येत नाही.) वर पोचल्यावर खुर्ची थांबवून दार उघडायला पाच फूट सपाट जागा लागते. ती ठेवू नका, उलट दार रॅम्पच्या अंगावर उघडू द्या. उंबऱ्याला दीड इंची ग्रॅनाइट हवंच, वास्तू आहे. खाली पाणी जायला जाळी टाकाल तर तिच्या फटी येण्याजाण्याच्या दिशेने ठेवा, म्हणजे पुढची छोटी चाकं बरोब्बर अडकतात आणि माणूस तोंडावर येतो. एवढं करूनही कुणी ढकलत वर निघालाच, तर काळजी नको. इतक्या चढाला भार मागच्या चाकांच्याही मागे जाऊ शकतो आणि खुर्ची उलटू शकते.

पार्किंगमध्ये राखीव जागा रंगवा आणि तिथे जनरेटर ठेवा.

ब्रेलची पाटी महाग असते, हात लागून खराब होईल. वरून काच बसवा.

कर्णबधिर पाहुण्याशी मोठ्याने बोला. स्वमग्न मूल असलेल्या कुटुंबाला डीजेलगतची खोली द्या.

कुणी फारच वाद घातला तर हुकमी पत्ता टाका: 'मग काय, पांडवलेण्याला लिफ्ट लावायची?' दोन हजार वर्षं जुन्या लेण्यांच्या नावाखाली परवा बांधलेल्या स्विमिंग पूलच्या पायऱ्याही माफ करून घेता येतात. वणीच्या गडाचा विषय मात्र टाळा. तिथे पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि डोंगर चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे.

कायद्याचं टेन्शन नको. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा मोडला तर पहिल्या वेळी दंड १०,००० रुपयांपर्यंत, दोन वाइन टेस्टिंग पॅकेजात निघून जाईल. पुढच्या वेळी ५०,००० ते पाच लाख, पण पहिलाच कुणी लावलाय? 'ही नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत' हे वाक्य तेवढं जपून वापरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावलंय, सुगमतेचे नियम बंधनकारक करा म्हणून.

आता टॉयलेट. दारावर पाटी झळकवा. आत पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स, फिनेलचे कॅन आणि लग्नातल्या खुर्च्यांची कव्हरं भरा, कुलूप लावा, किल्ली मॅनेजरकडे. मॅनेजर त्र्यंबकला गेलेला असावा. दार आत उघडणारंच हवं, कारण माणूस आत पडला की त्याच्याच अंगाने ते अडतं. खुर्ची कमोडशेजारी लावून सरकायला तीन फूट जागा लागते, तिथे वॉशिंग मशीन. आधाराची दांडी पोकळ वाजणाऱ्या टाइलवर प्लास्टिकच्या गुट्ट्यांनी बसवा. भार पडला की दांडी, टाइल आणि माणूस एकदमच खाली. बेसिनखाली कपाट, म्हणजे गुडघे आत जाणार नाहीत आणि हात नळापर्यंत पोचणार नाही. धोक्याच्या घंटेची लाल दोरी फरशी पुसताना भिजते म्हणून सफाईवाला तिला वर गाठ मारून ठेवतो. ती गाठ राहू द्या. खाली पडलेल्याला दोरी नुसती दिसत राहिली पाहिजे.

हसताय? हे सगळं खरंच असं असतं. म्हणून नाशिक बघायला निघालेली व्हीलचेअरवरची बाई आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही. दिवसभर उन्हात, कोरड्या घशाने. मग लघवीचा संसर्ग, ताप, आणि सहल दवाखान्यात. मानेपाशी किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाची लघवी तुंबली तर रक्तदाब एकदम चढू शकतो, डोकं फुटायला लागतं. वेळेत मोकळं झालं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तुमच्या पाण्याच्या बॉक्सांपायी!

लाज वाटू द्या जरा. इन्फिनिटी पूलला पैसा आहे, सेल्फी पॉइंटला आहे, आणि अठरा फूट कोब्याला नाही? चौघांनी उचलून नेणं ही सोय नव्हे. परक्या पुरुषांनी काखेत हात घालून उचललेलं कसं वाटतं, ते त्या बाईला विचारा एकदा. फोनवर खोटं बोलू नका. नसेल तर 'नाही' म्हणा, म्हणजे ती पुण्याहून दोनशे किलोमीटर येऊन तुमच्या दारात अडकणार नाही. दाराची रुंदी विचारली तर टेप लावा आणि आकडा सांगा. नव्वद सेंटीमीटर असेल तर नव्वद, पासष्ट असेल तर पासष्ट. आणि आज संध्याकाळी, पाटीचा फोटो टाकायच्या आधी, ते बॉक्स बाहेर काढा आणि त्या लाल दोरीची गाठ सोडा.