उपग्रह कपाशीचं ‘एनपीके’ मोजतो? खुलासा

‘उपग्रहाच्या फोटोवरून कपाशीतलं नत्र, स्फुरद, पालाश कळतं, आता माती परीक्षण नको’ असा मेसेज शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो अर्धवट खरा आहे, म्हणूनच जास्त घातक.

उपग्रह अन्नद्रव्य मोजत नाही, पानांवरून परतलेला प्रकाश मोजतो. नत्र घटलं की हरितद्रव्य घटतं आणि प्रकाशाच्या लाल रंगाच्या कडेच्या पट्ट्यात (‘रेड एज’) फरक दिसतो. त्यामुळे नत्राचा अंदाज बांधता येतो. स्फुरद-पालाशची अशी थेट खूण नाही.

सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाच्या फोटोतला सर्वात बारीक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० बाय १० मीटरचा, म्हणजे साधारण एक गुंठा. नत्रासाठी कामाच्या त्या पट्ट्याचा ठिपका तर २० बाय २० मीटरचा, म्हणजे चार गुंठे! पीक लहान असताना त्यात झाडापेक्षा ओळींमधली काळी मातीच जास्त. शिवाय ऐन जुलै-ऑगस्टमध्ये ढग.

आता कपाशीची पानं लाल पडण्याची विकृती, लाल्याच घ्या. पान लाल पडतं ते नत्र किंवा मॅग्नेशियमच्या कमतरतेने, तुडतुडे या रस शोषणाऱ्या किडीने, नाहीतर रात्रीच्या थंडीने. वरून सगळं सारखंच दिसतं. पान उलटून तुडतुडे बघायला बांधावरून आत उतरावंच लागतं.

उपग्रहाचा नकाशा जरूर वापरा, पण नमुना कुठून घ्यायचा हे ठरवायला. खताचा डोस माती आणि देठ परीक्षणावरूनच ठरवा.