गाडी कुठे लावलीस?

सगळं कोथिंबिरीमुळे झालं. संध्याकाळी मंडईत गाडीवर गेलो, जुडी घेतली, तिथे दोन मित्र भेटले, चहा झाला, गप्पा मारत मारत त्यांच्याबरोबर चालतच घरी आलो आणि जेवून मस्त झोपलो. सकाळी बघतो तर पार्किंगमध्ये गाडीच नाही! सोसायटीभर बोंबाबोंब, वॉचमनची उलटतपासणी, मी पोलीस चौकीत जायला चपला घालतोय तेवढ्यात आई जपमाळ न थांबवता म्हणाली, "काल तू पायी आलास. हातात पिशवी होती, हेल्मेट नव्हतं."

गाडी मंडईबाहेरच होती. सीटवर मांजर झोपलेलं.

माझं वय ५२, आईचं ८१. तिला पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत सगळे पाढे पाठ आहेत, साडेतीनाचा पाढा असतो हेच आमच्या मुलीला खोटं वाटतं. १९९६ साली माझ्या लग्नात कुठल्या मावशीने स्टीलचा डबा देऊन भागवलं हेही पाठ. मी मात्र किचनमध्ये जातो आणि फ्रीज उघडून नुसता उभा राहतो. यावर मुलगी म्हणाली, "बाबा, यावर रिसर्च झालाय, २०११ साली अमेरिकेत, दारातून पलीकडे गेलं की मागच्या खोलीतलं विसरायला होतं." मला एकदम पटलं. वाड्यात आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो तेव्हा मी काहीच विसरायचो नाही. आता वाड्याच्या जागी सोसायटी झाली, टू बीएचके आला, बाथरूम धरून सहा दारं, माणसाने लक्षात ठेवावं तरी किती?

पण बायकोने मनावर घेतलं होतं. "अहो, मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के आणि ऊर्जा खातो २० टक्के. तुमचा एवढं खाऊन दिवसभर करतो काय?"

मग सुरू झाला मेंदूचा व्यायाम. डाव्या हाताने ब्रश करायचा म्हणे, पहिल्या दिवशी निम्मी पेस्ट मिशीत आणि निम्मी आरशावर. रोज सात-आठ तास झोप, कारण झोपेत मेंदू आतला कचरा साफ करतो, पण त्या घंटागाडीचा विचार करत मी दोन-दोन वाजेपर्यंत जागा. रोज पाच भिजवलेले बदाम. आता बदाम खायचे स्मरणशक्तीसाठी, आणि ते खायला मिळणार आदल्या रात्री आठवणीने भिजवले तर! ज्याला ते आठवतं त्याला बदामाची गरज काय? एकदा भिजवले आणि तिसऱ्या दिवशी सापडले, वासावरून.

त्यात तिने कुठेतरी वाचलं की कमी ऐकू येणं हेसुद्धा पुढे स्मृतिभ्रंशाचं एक कारण ठरू शकतं. हे खरंच आहे, कान लवकर तपासून घ्यावेत, मीपण घेतले. रिपोर्ट एकदम नॉर्मल आला आणि तिथेच माझा घात झाला, कारण गेली पंचवीस वर्षं "ऐकू नाही आलं गं" यावर माझा संसार चालला होता.

पण खरा कहर केला लंडनच्या टॅक्सीवाल्यांनी. ते लोक परीक्षेसाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करतात, आणि २००० साली त्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले तर हिप्पोकॅम्पस म्हणजे जिथे रस्ते-बिस्ते लक्षात राहतात त्याचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. झालं, माझा गुगल मॅप बंद! मी म्हटलं अगं, लंडनमध्ये रस्त्यांना नावं असतात, आपल्याकडे मारुतींना असतात. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती... मला नारायण पेठेत पत्र्या मारुतीपाशी जायचं होतं, मी पोचलो गणेश पेठेत डुल्या मारुतीला. वाटेत तीन वन-वे लागले आणि एका आजोबांनी फुकट अपमान केला. त्या टॅक्सीवाल्यांना एकदा आणा म्हणावं पेठांमध्ये, हिप्पोकॅम्पसचा नारळ होईल.

तरी महिनाभराने फरक जाणवायला लागला. निदान मला तरी. काल बायको म्हणाली मंडईतून कोथिंबीर आणा. मॅप न लावता गेलो, भाव केला, कढीपत्ता फुकट मागून घेतला आणि गाडी घेऊनच घरी आलो. चावी जरा अडकत होती, पण ती इतकी झिजलीय की आमचं गोदरेजचं कपाटपण तिनेच उघडतं, त्यामुळे लक्ष दिलं नाही. छाती फुगवून खालूनच हाक मारली, "आई, बघ! गाडी आणली, कोथिंबीर आणली!"

आई गॅलरीत आली. चष्मा न लावता तिने खाली बघितलं.

"आणलीस खरी. पण आपल्या गाडीच्या शेवटी ४७ आहे रे, हिच्या ७४."

बायकोने कपाळाला हात लावला. मुलगी मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला धावत खाली आली. मी कोथिंबीर वॉचमनच्या हातात दिली, गाडी उलटी फिरवली आणि निघालो. कोपऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा लक्षात आलं, ही नक्की कुठून उचलली तेच आठवत नाहीये.