ऑफिओलाइटमधला क्रोमाइट म्हणजे फुटलेले थर नव्हेत

भूशास्त्राच्या टिपणांत आणि व्हिडिओंत एक विधान सर्रास फिरतं: क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज) जड, म्हणून तो शिलारसाच्या कोठीत तळाला बसतो, दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्ड या थरदार अग्निज खडकांच्या प्रदेशात ते थर शाबूत राहिले, ओमान, कझाकस्तानच्या ऑफिओलाइटमध्ये (जमिनीवर ढकलल्या गेलेल्या जुन्या सागरी कवच-प्रावरणाच्या खडकांत) त्यांचेच तुकडे झाले.

क्रोमाइट जड आहे, हे खरं. घनता साधारण ४.५ ग्रॅम प्रति घन सेंमी, तर बेसाल्टी शिलारसाची २.७ च्या आसपास. पुढचं मात्र टिकत नाही.

आधी जागा बघा. बुशवेल्डचा यूजी-२ नावाचा क्रोमाइटचा थर जेमतेम मीटरभर जाडीचा, पण शंभराहून अधिक किलोमीटर सलग. ऑफिओलाइटमधली क्रोमाइटची भिंगं (भिंगाच्या आकाराचे साठे) बहुतेक प्रावरणाच्या हार्झबर्जाइटमध्ये, म्हणजे ऑलिव्हिन आणि ऑर्थोपायरॉक्सिन या खनिजांच्या खडकात, सापडतात, म्हणजे कोठीच्या खाली. शिवाय भिंगाभोवती ड्युनाइटचं, म्हणजे जवळपास निव्वळ ऑलिव्हिनच्या खडकाचं, वेष्टन असतं. फुटलेल्या थराच्या तुकड्याला असं वेष्टन कुठून येणार? वर चढणारा शिलारस हार्झबर्जाइटमधलं ऑर्थोपायरॉक्सिन विरघळवतो आणि ऑलिव्हिन मागे ठेवतो, तोच ड्युनाइट. या क्रियेत शिलारसातली सिलिका वाढते. मागून आलेला ताजा शिलारस त्यात मिसळला, की मिश्रण अशा घडणीचं होतं की काही काळ एकट्या क्रोमाइटचेच स्फटिक सुटतात.

आता हिशोब. एक टन क्रोमाइटमध्ये ६० टक्के क्रोमियम ऑक्साइड धरलं, तर निव्वळ क्रोमियम सुमारे ४१० किलो. शिलारसाने टनामागे २०० ग्रॅम क्रोमियम सोडलं असं मानलं, तरी दोन हजार टनांहून जास्त शिलारस लागतो. प्रावरणातल्या अरुंद वाटेत एवढा शिलारस साठून राहत नाही. तो वाहतच गेला पाहिजे. (बुशवेल्डलाही नुसतं तळाला बसणं पुरत नाही, पण तो वाद वेगळा.)

रसायनही तेच सांगतं. क्रोमियम-लोह गुणोत्तर बुशवेल्डमध्ये १.५ च्या आसपास, कझाकस्तानच्या केम्पिरसाईत ३ च्या वर. ऑफिओलाइटच्या उच्च-क्रोमियम क्रोमाइटमध्ये टायटॅनियम ऑक्साइड सहसा ०.३ टक्क्यांच्या आत, बुशवेल्डमध्ये बरंच जास्त. क्रोमियम भागिले क्रोमियम अधिक ॲल्युमिनियम हे गुणोत्तर ०.७ च्या वर गेलं, तर जनक शिलारस बोनिनाइटसारखा (सिलिका आणि मॅग्नेशियम दोन्ही भरपूर असलेला), म्हणजे सबडक्शन झोनच्या, जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो त्या पट्ट्याच्या, वरचा. फिलिपिन्समधल्या कोटोसारख्या ॲल्युमिनियम-समृद्ध साठ्यांत ते ०.६ च्या खाली राहतं.

इथे मोजणीत हमखास चूक होते. पाण्यामुळे ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन हे खनिज बनताना आणि नंतरच्या रूपांतरणात क्रोमाइटच्या कडेचं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम निघून जातं आणि हेच गुणोत्तर फुगतं. कडेवर इलेक्ट्रॉन प्रोब (खनिजातल्या बारीक बिंदूचं रसायन मोजणारं यंत्र) लावला, तर साधा साठाही बोनिनाइटी दिसेल. म्हणून भरीव धातुकातल्या कणाचा न बदललेला गाभाच मोजायचा. विखुरलेल्या कणांवर विसंबू नये. थंड होताना ते ऑलिव्हिनशी लोह-मॅग्नेशियमची अदलाबदल करतात.

राहिली तुटण्याची गोष्ट. भिंगं ताणली गेली, फिरली, भ्रंशांनी सरकली, हे खरंच. पण ते साठा तयार झाल्यावर. ‘थर पुढे असेलच’ या हिशोबाने बोअर मारला, तर काही मीटरांच्या फरकाने भिंग हुकतं. ड्युनाइट दिसला म्हणजे क्रोमाइट असेलच असं नाही, पण कोअरमध्ये (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या नमुन्यात) ड्युनाइट जाड होत असेल, तर ती बाजू सोडू नये.