सावरडोमुळे ग्लुटेन नाहीसे होत नाही

सावरडो, म्हणजे बाजारच्या यीस्टऐवजी आंबवलेल्या पिठाने फुगवलेल्या ब्रेडविषयीचा एक मजकूर सध्या मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: या ब्रेडमध्ये यीस्ट नसते, पीठ आंबताना ग्लुटेन (गव्हातील चिवट प्रथिन) संपते, म्हणून गहू वर्ज्य असलेल्यांनीही तो निर्धास्त खावा, त्यातून पोटाला जिवंत जिवाणू मिळतात, आणि स्टार्टर (पीठ-पाण्याचे आंबवलेले विरजण) जुना, शक्यतो परदेशातून आणलेला असावा, कारण आपल्या उष्ण हवेत नवा स्टार्टर टिकत नाही. घरी स्टार्टर सांभाळणे मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच त्याच्या नावावर पसरणारी ही विधाने तशीच सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

यांतील सर्वांत घातक विधान ग्लुटेनचे आहे. आंबताना आम्लता वाढते, पिठातलीच प्रथिने तोडणारी विकरे कामाला लागतात आणि ग्लुटेनचा काही भाग तुटतो, एवढे खरे. परंतु पाव फुगून उभा राहतो तो उरलेल्या ग्लुटेनच्या जाळ्यावरच. एखाद्या पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणण्यासाठी त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, अशी मर्यादा भारतातही आहे, आणि गव्हाचा घरगुती सावरडो तिच्या जवळपासही पोहोचत नाही. इटलीतील संशोधकांनी गव्हाच्या पिठातील ग्लुटेन जवळजवळ पूर्ण तोडून दाखवले, पण त्यासाठी निवडक जिवाणूंच्या जोडीला बुरशीपासून मिळवलेली विकरे वापरावी लागली; घरच्या बरणीत ती नसतात. खपली गहू घेतल्यानेही सुटका नाही, कारण खपलीतही ग्लुटेन असतेच. सीलिॲक, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार असलेल्या व्यक्तीला बाहेरून काहीच त्रास जाणवला नाही, तरी लहान आतड्याच्या अस्तराची हानी चालू राहू शकते. त्यामुळे ‘खाऊन पाहिले, काही झाले नाही’ हा पुरावा ठरत नाही.

ज्यांना साध्या ब्रेडने पोट फुगते आणि सावरडोने फुगत नाही, त्यांचा अनुभव मात्र मी खोटा मानत नाही. गव्हातील फ्रुक्टन नावाची शर्करा काहींना पचत नाही आणि दीर्घ आंबवणीत तिचे प्रमाण घटते, हे त्यामागचे एक कारण असू शकते. सीलिॲकची शंका असेल त्यांनी तपासणी करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत गहू बंद करू नये; आधीच बंद केल्यास रक्ततपासणीत आजार दिसून येत नाही, असे घडते.

यीस्ट नसते हे म्हणणे तर सरळ चूक आहे, कारण पाव फुगवणारा वायू मुख्यतः यीस्टच तयार करते, आणि बेकरीत वापरली जाणारी जातही घरगुती स्टार्टरमध्ये सर्रास सापडते. जिवंत जिवाणूंचे म्हणाल, तर भाजताना पावाचा गाभा 95 अंशांच्या आसपास तापतो. त्यातून ते वाचत नाहीत.

जुन्या, परदेशी स्टार्टरच्या मोहाला सॅन फ्रान्सिस्कोच्या कीर्तीने खतपाणी घातले. तेथील आंबट पावातील जिवाणूचे वर्णन 1971 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला त्या शहराचेच नाव मिळाले. पुढे तोच जिवाणू इतर अनेक देशांतील स्टार्टरमध्ये आढळला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 500 स्टार्टर तपासणाऱ्या अभ्यासातही त्यांतील सूक्ष्मजीवांच्या फरकांचा उलगडा भूगोलावरून फारसा झाला नाही. आणलेला स्टार्टर तुमच्या पिठावर, तुमच्या स्वयंपाकघराच्या तापमानात वाढू लागला की त्यातील सूक्ष्मजीवांचे प्रमाण बदलू शकते. म्हणून वयासाठी पैसे मोजण्यापेक्षा कणीक आणि पाणी समभाग कालवून घरीच सुरुवात करावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे बुडबुडे बहुधा इतर जिवाणूंचे असतात. नंतर सारे शांत होते, आणि नेमके तेव्हाच अनेकजण मिश्रण फेकून देतात. आम्लता वाढून यीस्टचा जम बसायला एक-दोन आठवडे द्यावेत.

उष्ण हवेत स्टार्टर टिकत नाही असे नाही, तो लवकर भुकेजतो. उन्हाळ्यात एक भाग स्टार्टरला पाच भाग पीठ आणि पाच भाग पाणी द्यावे, आणि रोज भाजायचे नसेल तर तो फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा खाऊ घालावा. वर साचणारे करडे पाणी निरुपद्रवी असते. गुलाबी किंवा नारिंगी छटा अथवा बुरशी दिसली, तर मात्र सगळे टाकून द्यावे.