मामा, बारा प्लगइन्स टाकून आंबा विकला जात नाही

गेल्या एप्रिलात देवगडच्या मामाने (त्याची आंबा विकायची साईट आहे) एक फॉरवर्ड पाठवला. वर त्याची एकच ओळ: "ह्यां करूया काय रे?" खाली मेसेज: "तुमची वर्डप्रेस साईट आहे? ही १२ प्लगइन्स टाका, ३० दिवसांत ट्रॅफिक १० पट! एजन्सीवाले हे कधीच सांगणार नाहीत." मग यादी (वर्डप्रेस म्हणजे साईट बनवायचं सॉफ्टवेअर, आणि प्लगइन म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्रॅम), आणि शेवटी टेलिग्राम चॅनलची लिंक. तिथे म्हणे विकतची प्लगइन्स 'प्रो व्हर्जन, लाइफटाइम फ्री' मिळतात.

मी रात्री मेसेज बघितला तोवर मामाची बाराच्या बारा टाकून झाली होती. पुढे काय झालं ते सांगतोच. पण या आठवड्यात तोच मेसेज, १२ चे १५ करून, घरच्या ग्रुपवर मावशीने टाकलाय. मावशी मसाले विकते आणि तिची साईट नुकती सुरू झालीय. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगायचा कंटाळा आला, म्हणून मेसेजमधला एकेक दावा घेऊन एकदाच लिहून ठेवतो.

"एसईओ प्लगइनमधले सगळे दिवे हिरवे झाले की साईट पहिल्या पानावर." एसईओ म्हणजे गूगलच्या शोधात साईट वर आणायची खटपट, आणि हा हिरवा दिवा योस्ट नावाच्या प्लगइनमुळे घरोघरी पोहोचला. तो बघतो काय? 'फोकस' म्हणून तुम्हीच दिलेला शब्द शीर्षकात आहे का, पहिल्या परिच्छेदात आहे का, वर्णनात आहे का, असल्याच गोष्टी. मामाला पटेना, म्हणून त्याच्यासमोर मी 'चंद्रावरचा हापूस' हा फोकस शब्द दिला आणि तोच शीर्षकात, पहिल्या ओळीत, मध्ये दोन-तीनदा कोंबला. दिवा हिरवा! चंद्रावरचा हापूस शोधणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. शीर्षक आणि वर्णन लिहायला प्लगइन सोयीची जागा देतं, हे खरं. पण तिथे काय लिहायचं ते त्याला कळत नाही, आणि दिव्याचा रंग गूगल बघत नाही.

"कीवर्ड टॅगचं प्लगइन टाका, ५० कीवर्ड भरा." कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमध्ये दडलेली शब्दांची यादी) क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलंय. गूगलची एसईओ स्टार्टर गाईड फुकट वाचायला मिळते, तीही हेच सांगते. लेखाला ठरावीक शब्दसंख्या लागत नाही, हेही त्याच गाईडमध्ये आहे. आणि '३० दिवसांत'चं काय? काही बदलांचा परिणाम काही तासांत दिसतो, काहींना कित्येक महिने लागतात, हेसुद्धा तिथेच लिहिलंय. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते एक पान वाचलं असतं तरी अर्धी यादी गळाली असती.

"इन्स्टंट इंडेक्सिंग प्लगइनने पान ५ मिनिटांत गूगलवर." इंडेक्सिंग म्हणजे पान गूगलच्या नोंदीत येणं. त्यासाठी पान थेट गूगलला कळवायची सोय, म्हणजे गूगलची इंडेक्सिंग एपीआय, नोकरीच्या जाहिराती आणि लाइव्ह व्हिडिओ असलेल्या पानांसाठी आहे. आंब्याची पेटी दोन्हींत बसत नाही. साईटमॅप (साईटवरच्या पानांची यादी) 'पिंग' करायची, म्हणजे बदलला की गूगलला कळवायची, जुनी सोय बंद करत असल्याचं गूगलने २०२३ मध्येच सांगितलं. साईटमॅप तर वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, आपोआप बनतो. तो सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साईटमालकांसाठीच्या गूगलच्या फुकट साधनात, एकदा द्यायचा, झालं.

"ऑटो ट्रॅफिक प्लगइन: रोज ५०० व्हिजिटर गॅरंटीड." हे वाचून मी आधी हसलो. मामा मात्र तीन दिवस खूश होता, साईटवरचा काउंटर पळत होता ना! मी विचारलं, फोन किती आले? एकही नाही. ते 'व्हिजिटर' म्हणजे पान उघडून निघून जाणारे बॉट, माणसं नव्हेत, आपोआप चालणारे प्रोग्रॅम. एसटी स्टँडवर पोरं गोळा करून दुकानासमोरून फेऱ्या मारायला लावल्या म्हणून पेटी खपत नाही. वर साईटवर ॲडसेन्सच्या, म्हणजे गूगलमार्फत येणाऱ्या, जाहिराती असतील, तर असल्या खोट्या वर्दळीपायी खातंही बंद होऊ शकतं.

आता ती टेलिग्रामची लिंक. यासाठीच मी हे लिहायला बसलोय.

फॉरवर्डमध्ये लिहिलंय, "घाबरू नका, वर्डप्रेसची प्लगइन्स जीपीएल आहेत, फ्री वाटणं कायदेशीर आहे." यात अर्ध सत्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. जीपीएल परवान्याखाली आलेला कोड दुसऱ्याला देता येतो. पण देणाऱ्याने मध्ये काय मिसळलंय ते परवाना सांगत नाही. असल्या झिप फाइलला 'नल्ड' म्हणतात: लायसन्सची तपासणी काढून टाकलेली, मूळ कंपनीचे अपडेट न मिळणारी. वर्डफेन्स ही वर्डप्रेसच्या सुरक्षेचं काम करणारी टीम. तिने नोव्हेंबर २०१९ मध्ये डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाच्या मालवेअरवर (घातक प्रोग्रॅमवर) सविस्तर अहवाल दिला. तो पसरतो याच मार्गाने, नल्ड थीम आणि प्लगइन्समधून. एका साईटवर शिरला की त्याच होस्टिंग खात्यावरच्या बाकी साईटही धरतो. कहर म्हणजे, लागण झालेल्या साईटवरून तो नल्ड प्लगइन्स वाटणाऱ्या साईटना लिंक देतो, म्हणजे त्या गूगलमध्ये वर येतात. ट्रॅफिक वाढतं हे खोटं नाही, फक्त ते चोराचं वाढतं.

मामाचं काय झालं? मेच्या पहिल्या आठवड्यात, ऐन हंगामात, त्याचा फोन: "साईट बरी दिसते, पण ऑर्डरी थांबल्या." उघडली तर खरंच ठीकठाक. मग गूगलवर 'site:' आणि त्याचा डोमेन (साईटचा पत्ता) टाकून शोधलं. हापूसच्या जागी जपानी अक्षरांत बुटांची आणि पर्सची पानं, ढिगाने. ही पानं गूगलच्या बॉटला दाखवतात, मालकाला नाही, त्यामुळे मामाला कळायचं कारणच नव्हतं. युजर्सच्या यादीत एक ॲडमिन जास्त होता. त्याचं नाव मामालाही माहीत नव्हतं आणि मलाही. तीन रात्री गेल्या: वर्डप्रेसच्या मूळ फायली नव्याने टाकल्या, बाराही प्लगइन्स उडवली, सगळे पासवर्ड बदलले, सर्च कन्सोलमधून ती पानं काढायला लावली. तरी ती गूगलवरून पुरती जाईपर्यंत आंबा संपला होता.

राहिलेले मुद्दे पटकन उरकतो. पॉपअप प्लगइन: मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या पॉपअपचा क्रमवारीत तोटा होऊ शकतो, गूगलने जानेवारी २०१७ पासून हे लागू केलंय. रिव्ह्यू प्लगइनने धंद्याच्या नावाखाली तारे: स्वतःच्या साईटवर स्वतःच्या धंद्याला दिलेले तारे गूगलने सप्टेंबर २०१९ पासून दाखवणं बंद केलं. वस्तूच्या पानावर गिऱ्हाइकांचे खरे रिव्ह्यू असतील तर गोष्ट वेगळी.

कॅशे प्लगइनबद्दल (तयार पान जपून ठेवून तेच पुन्हा दाखवणारं) मात्र फॉरवर्ड बरोबर आहे. साईट झटकन उघडायला त्याने मदत होते, आणि पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा ही गूगलची अपेक्षा आहे. पण कॅशे प्लगइन एकच टाकायचं. यादीत तीन आहेत, आणि मामाने तिन्ही टाकली होती. एकाने जपून ठेवलेलं पान दुसरं परत जपून ठेवायचं, त्यामुळे भाव बदलला तरी साईटवर आदल्या आठवड्याचाच दिसायचा.

मावशी, तुझ्यासाठी सांगतो. एक एसईओ प्लगइन, एक कॅशे, एक बॅकअप, तिन्ही वर्डप्रेसच्या स्वतःच्या डिरेक्टरीतून. 'शेवटचं अपडेट कधी' ते बघून घे. गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलवरची तुझ्या धंद्याची नोंद) फुकट आहे, ते भर. आणि गोडा मसाल्याच्या पानावर अर्ध्या किलोचा भाव टाक, तो सध्या कुठेच नाही.

मामाच्या साईटवर आता चार प्लगइन्स आहेत. सर्च कन्सोल उघडून बघितलं तर लोक शोधतात: पेटीत किती डझन, पुण्यात किती दिवसांत पोहोचते, कच्चा येतो की पिकलेला. तिन्हींची उत्तरं आता पानावर आहेत, मामाच्याच शब्दांत. पेटीचा फोटो सहा एमबीचा होता, तो बदलायचा राहिलाय. मामाने काल नवा काढून पाठवला, पण कोपऱ्यात त्याचा अंगठा आलाय. परत काढायला सांगितलाय.