एक इंच म्हणजे किती?

गच्चीवरच्या टाकीला गाळणी बसवायची ठरली तेव्हा मला फक्त गढूळ पाण्याची काळजी होती. गाळणी अमेरिकेत ह्यूस्टनला असलेल्या मावसभावानं आणलेली. निळी, बादलीएवढी, आणि तोंडाशी ठसठशीत छाप: एक इंच. आमच्या टाकीचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइपही एक इंची. म्हटलं, पत्रिका जुळली.

पण दुकानात जाण्याआधी पाइप मोजून बघायची दुर्बुद्धी झाली. बँकेत जन्म गेल्यामुळे कागदावरचा आकडा पडताळल्याशिवाय मला झोप लागत नाही. इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. पट्टी लावली तर पाइप बाहेरून जवळजवळ 34 भरला. कापलेला तुकडा होता, त्याचं तोंड मोजलं तर आतून 27. बाहेरून इंच नाही, आतून इंच नाही. मग इंच आहे कुठे?

हा प्रश्न घेऊन मी पाइप-नळांच्या दुकानांची बोहरी आळी गाठली.

"34 मिलिमीटरचा सॉकेट द्या."

"सव्वा इंची?"

"नाही हो, एक इंची पाइपाला बसेल असा."

"मग एक इंची म्हणा की, काका!"

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दुकानदारानं माझी शिकवणीच घेतली. पूर्वी म्हणे इंच हे आतल्या भोकाचं माप होतं आणि पाइपाची भिंत चांगली जाड असायची. पुढे लोखंड सुधारलं, पातळ भिंतही दाब सोसू लागली. पण बाहेरचं अंग बारीक केलं असतं तर जुने आटे, जुने सॉकेट, सगळं भंगारात. म्हणून बाहेरचं अंग तेच ठेवलं, आतून पोखरलं आणि नाव तसंच चालू राहिलं. थोडक्यात, पाइपाचं माप हे माप नसून आडनाव आहे. आमच्या सोसायटीतले काळे लख्ख गोरे आहेत; त्यांना कोणी जाब विचारत नाही.

"बरं, मग तुकडा चांगला जाड द्या," मी म्हटलं. तर जाडीच्या तीन जाती निघाल्या. पिवळा पट्टा ए क्लास, निळा बी, लाल सी. एक इंचीत भिंत अनुक्रमे 2.6, 3.2 आणि 4 मिलिमीटर. माणूस जाड झाला की शर्टाची बटणं तुटतात. पाइप मात्र आतल्या आत जाड होतो. म्हणजे सी क्लासला जास्त पैसे मोजायचे आणि भोक लहान घ्यायचं! मी निळा घेतला. अमेरिकेत या जाडीला शेड्यूल 40, शेड्यूल 80 म्हणतात आणि तिकडचा बारा इंची पाइप बाहेरून पावणेतेरा इंच भरतो. चौदा इंचीपासून पुढे मात्र बाहेरचं माप नावाबरहुकूम. चौदाव्याला पाइप खरं बोलायला लागतो. आमच्या नातवाचं त्याच वयात उलट झालं.

रविवारी प्लंबर आला. टेफ्लॉन टेप गुंडाळून त्यानं पाइप गाळणीत फिरवला. एक फेरा, दोन फेरे, तिसऱ्याला गच्च. "नवीन आहे, कडक असतं," म्हणून त्यानं पाना लावला. मीही मागून धरलं. कट्‌ असा आवाज आला. आटे बसले या समाधानात आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि गाळणीच्या गळ्यापासून खालपर्यंत एक केसाएवढी रेघ उतरत गेली.

आपले आटे इंग्रजी घराण्यातले. व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरसाहेबानं 1841 साली आट्याच्या दातांचा कोन 55 अंश ठरवला, तो आपण आजही पाळतो. अमेरिकेत सेलर्स नावाच्या इंजिनिअरनं 1864 मध्ये 60 अंश सुचवले आणि तिकडचे पाइपही त्याच कोनाचे झाले. एवढ्यावर भागलं असतं. पण एक इंचीत आपल्याकडे इंचाला 11 आटे, त्यांच्याकडे साडेअकरा. त्या अर्ध्या आट्याची साडेसाती माझ्या गाळणीला भोवली. गाळणीच्या तोंडाशी एक इंचापुढे बारीक अक्षरांत 'एनपीटी' लिहिलं होतं म्हणा. ते अमेरिकी पाइप-आट्यांचं नाव; मला कंपनीचं वाटलं.

प्लंबरनं गाळणी काढून मधे एक युनियन, म्हणजे दोन पाइप जोडणारा सांधा, टाकला आणि पाणी होतं तसं गढूळ सुरू करून दिलं. मजुरी पूर्ण घेतली.

रात्री मावसभावाला फोन करून सगळं सांगितलं. तो इंजिनिअर, लगेच म्हणाला, "दादा, अर्ध्या आणि पाऊण इंचीत दोन्हीकडे चौदाच आटे असतात. पुढच्या खेपेला पाऊण इंची आणतो, अलगद फिरेल."

फिरेल, हे मलाही आता ठाऊक आहे. पण आट्यांची संख्या जुळली तरी कोन 55 आणि 60 चेच राहणार, व्यासही थोडा वेगळा. पार शेवटपर्यंत अलगद फिरेल आणि मग ठिबकत बसेल. पण तो इतक्या प्रेमानं आणणार म्हटल्यावर काय बोलणार? बरं म्हटलं, फोन ठेवला आणि माळ्यावरची जुनी बादली गच्चीत नेऊन ठेवली.